कूम व्लास्ता ऑनलाइन आहे

म्राटिनदानच्या सकाळपासून रादिशाचं सगळं लक्ष दाराकडे होतं. म्राटिनदान म्हणजे त्याच्या घरची स्लावा, घराण्याच्या संताचा दिवस. टेबलावर मेणबत्ती पेटलेली, शेजारी शिजवलेल्या गोड गव्हाचं ताट, चुलीवर सारमाचं, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं, भलंमोठं पातेलं. माणसं येत होती, चमचाभर गहू तोंडात टाकत होती, "सुखाची स्लावा, यजमान!" म्हणून बसत होती. रादिशा हसतमुखाने रकिया, घरची फळांची दारू, ओतत होता आणि दार वाजलं की दचकत होता. व्लास्ता येणार की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आणि विचारायची सोय नाही! स्लावाला आमच्यात कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो. "येतोयस ना?" असा फोन करणं म्हणजे तुझा भरवसा वाटत नाही असं तोंडावर सांगणं. वर्षभराचं भांडण येऊन टेकलं होतं ते या एका दिवसावर. आज आला तर आला. नाही आला, तर कूमपणा संपला.

कूम म्हणजे नुसता मित्र नव्हे हो. रादिशाच्या लग्नात व्लास्ता त्याच्या शेजारी साक्षीला उभा होता. रादिशाच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं त्यानेच, आणि तिचं नावही त्यानेच ठेवलं. सख्ख्या भावाशी भांडलात तर लोक म्हणतात, चालायचंच. कुमाशी भांडलात तर लोक तुमच्याकडे बघून रस्ता बदलतात.

बरं, भांडण कशावरून? बांधावरून नाही, पैशावरून नाही, व्हिडिओ गेमवरून! पंचेचाळिशी उलटलेले दोन बाप्ये, एक गीझर दुरुस्त करणारा, दुसरा लाकडाच्या वखारीत, आणि भांडण व्हिडिओ गेमवरून. हसा, हसा. आमचं सगळं इवान्यित्सा गाव हसलं, तुम्हीच का मागे राहता?

रादिशा तसा काही पट्टीचा खेळाडू नव्हे. कामावरून आला की जेवण होईपर्यंत अर्धा तास, बस. पण कन्सोलवर मत विचारलंत की खुर्ची ओढून बसा, लवकर सुटका नाही. पहिला टर्मिनेटर. जुन्या बाजारातला, नकली. पिवळ्या कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ लिहिलेले आणि आत निघायचे पाच. "खोटारडा, पण मनाचा चांगला," हे रादिशाचं मत. त्याच्या आईची पक्की खात्री की या खेळाने टीव्हीची नळी जळते. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा ती टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "बास झालं! त्याला जरा दम खाऊ दे." मग दोघं मित्र, तेव्हाची शाळकरी पोरं, पळायचे व्लास्ताकडे, त्याच्या आईचा टीव्ही तापवायला.

सेगा व्लास्ताच्या मामाने जर्मनीहून आणला. "दिसायला राजा, पण जॉयस्टिक एकच. दुसऱ्याने काय आरती ओवाळायची?" हात हवेत हलवून खेळायचा तो पांढरा डबा आला, त्याच्यावर देसांकाने, म्हणजे रादिशाच्या बायकोने, टेनिस खेळता खेळता छताचा दिवा फोडला. "व्यायामच करायचा तर मी लाकडं फोडतो," रादिशा म्हणाला आणि तो डबा मेव्हण्याला देऊन टाकला.

पण चिप बसवलेला सोनी! चोरट्या सीडी वाचून वाचून त्याचा डोळा इतका अधू झाला होता की सरळ ठेवला तर ढिम्म चालायचा नाही. पालथा घातला की मुकाट्याने चालायचा. "पालथ्या सोनीसारखा दुसरा झाला नाही नि होणार नाही." का? तर वायरी आखूड. दोघांना गालिच्यावर मांडीला मांडी लावून बसावं लागायचं, आणि गोल घातला की कोपर शेजारच्याच्या बरगडीत. एका स्लावाला व्लास्ता तो सोनी टॉवेलात गुंडाळून घेऊन आला आणि पाहुणे पांगल्यावर दोघं फुटबॉलची एक मॅच खेळले. तेव्हापासून तो नेमच पडला. व्लास्ता लग्न करून डोंगरापलीकडे गुचाला राहायला गेला, तरी नेम चुकला नाही.

मग गेल्या वर्षी आला नवा कन्सोल. सीडी नाही, वायर नाही, जगात कुठेही बसा आणि खेळा. रादिशाला वाटलं, आपण केवढी अक्कल लढवली! त्याने दोन घेतले, एक कुमासाठी. खेळणाऱ्यांच्या यादीत दोघांची नावंही स्वतःच भरून ठेवली. आणि स्लावाला भरल्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, खोका व्लास्ताच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "घे कुमा! आता त्या बर्फातून मरत मरत इथे यायची गरज नाही. तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी!"

प्रेमाने म्हणाला हो. आदल्या हिवाळ्यात व्लास्ताची गाडी वळणावर घसरली होती, त्याची धास्ती होती पोटात. पण स्लावाला आलेल्या माणसाला 'यायची गरज नाही' म्हणतात? टेबलावरचे काटे जागच्या जागी थांबले. व्लास्ताने चमचा खाली ठेवला. "समजलं," म्हणाला, टोपी उचलली आणि चालू लागला. खोका त्याच्या बायकोने, ग्रोज्दानाने, काखेत मारला म्हणून निदान गुचापर्यंत पोचला.

त्यानंतर नाताळला फोन केला, उचलला नाही. ईस्टरला केला, तेव्हाही नाही. यादीत 'कूम व्लास्ता' हे नाव वर्षभर करड्या रंगात पडून होतं. रोज संध्याकाळी रादिशा टीव्ही लावायचा, ते नाव बघायचा आणि न खेळताच बंद करायचा.

"काय रे रादिशा," मिलोयकोकाका भर जेवणात ओरडला, "कूम दिसत नाही? रस्ता बंद आहे की तोंड बंद आहे?"

"काका, सारमा गार होतोय," देसांका म्हणाली, आणि तिने काकाच्या ताटात आणखी दोन वाढले, तोंड भरलेलं राहावं म्हणून.

अंधारून यायला लागलं. एकदोघं कोट शोधू लागले. आता मेणबत्ती विझवायची वेळ येईल आणि मग सगळंच संपलं. खुर्ची आणायच्या निमित्ताने तो आतल्या खोलीत गेला, दार लोटलं आणि सवयीने कन्सोल चालू केला. करडं नाव. तो बघत राहिला. आणि बघता बघता ते हिरवं झालं!

कूम व्लास्ता ऑनलाइन आहे. लगेच पडद्यावर हाक आली: कूम व्लास्ता बोलावतोय.

रादिशा पडद्याजवळ सरकला. घ्यावी? घेतली म्हणजे तेच खरं ठरलं, तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी. आणि न घ्यावी तर वर्षाने कुमाने हाक मारली आणि आपण कान बंद केले! त्याने बटण दाबलं.

"हॅलो? हे चालू झालं का?" बाईचा आवाज, अगदी कुजबुजता. "कुमा, मी ग्रोज्दाना."

"वहिनी? अहो, मग फोन करायचा ना!"

"फोनची बंदी आहे. त्या घरी फोन केलास तर मी गोठ्यात जाऊन झोपेन म्हणालेत. या डब्याबद्दल काही बोलले नव्हते. आमच्या पोरीला विचारून बटणं दाबली." तिने दम घेतला. "कुमा, हे सकाळपासून सूट घालून बसलेत."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात. सूट, टोपी, पायात बूट. समोर गाडीची किल्ली. जा म्हटलं तर उठत नाहीत, कपडे काढा म्हटलं तर काढत नाहीत. 'त्याने सांगितलंय, यायची गरज नाही,' एवढंच. घास घेतलेला नाही दिवसभर."

रादिशा पलंगावर बसला. "वहिनी, मला बोलावता येत नाही."

"माहीत आहे मला. आणि बोलावलंत तर ते येणारही नाहीत."

रादिशा उठला. बाहेर येऊन त्याने खुंटीवरचा कोट काढला. देसांका आडवी आली. "कुठे निघालास? मेणबत्ती जळतेय, घरात पाहुणे आहेत, आणि यजमान बाहेर? अरे, लोक शेण घालतील तोंडात!"

"घालू देत. तू मेणबत्तीकडे बघ."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती बाजूला झाली. पाहुणे घास हातात धरून बघत राहिले. जळत्या मेणबत्तीवरून यजमान उठून गेलेला आमच्या खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता.

घाटात धुकं होतं आणि वळणांवर बर्फ. सकाळपासून रादिशाने रकियाचा थेंब घेतला नव्हता, म्हणून बरं. काय बोलायचं? माफी मागावी तर व्लास्ता म्हणेल, कसली? त्याने दार उघडलंच नाही तर? मग कूमही गेला आणि स्लावाही गेली, दोन्हीकडून तोंड काळं. एका वळणावर गाडी घसरली, कठड्याला लागता लागता राहिली. त्याने आईची शपथ घालून गाडीला दटावलं आणि पुढे काढली.

दार व्लास्तानेच उघडलं. सूट, टोपी, बूट. त्याने रादिशाच्या खांद्यावरून मागे पाहिलं, गाडीत आणखी कुणी आहे का ते.

"मेणबत्ती विझवलीस?"

"नाही."

"जळतेय?"

"जळतेय."

"आणि पाहुणे?"

"आहेत. बसलेत."

"आणि तू इथे?" व्लास्ताचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षभराचा राग कुठल्या कुठे गेला, दुसराच उसळला. "अरे गाढवा! तुझ्या बापाने असं केलं होतं कधी? आज्याने केलं होतं? लढाई चालू होती तेव्हासुद्धा तुझा आजा मेणबत्तीपासून हलला नव्हता! आधी चल! हो पुढे! किल्ली इकडे आण, तुला वळणं जमत नाहीत!"

ग्रोज्दाना कोट घालून दारामागे तयारच होती.

रस्ताभर व्लास्ता बोलला ते फक्त गाडीशी. एकदा रादिशाने तोंड उघडलं, "कुमा, मला तसं म्हणायचं नव्हतं." "गप्प बस," व्लास्ता म्हणाला, "तिकडे विझली असली ना, तर तुझं काही खरं नाही." आणि त्याने अशी काही गाडी हाणली की मागे ग्रोज्दाना संतांची नावं घेत बसली.

घरातून एकही माणूस हलला नव्हता. हलणार कसा? यजमानाचा निरोप घेतल्याशिवाय स्लावावरून कुणाला जाता येत नाही, आणि यजमानच बेपत्ता! मेणबत्तीचं दोन बोटं थोटूक उरलं होतं. व्लास्ताने रादिशाला कॉलरला धरून उंबऱ्याच्या आत ढकललं.

"हा डोंगरापलीकडे सापडला," तो म्हणाला. "तुमचाच आहे ना?"

मिलोयकोकाका इतका हसला की त्याला ठसका लागला. व्लास्ताने टोपी काढली, मेणबत्तीसमोर उभं राहून छातीवर क्रूस केला, चमचाभर गहू तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला. मग रादिशाकडे वळून हात पुढे केला.

"सुखाची स्लावा, यजमान."

यजमानाने यावर 'देव तुझंही भलं करो' म्हणायची रीत आहे. रादिशाला ते म्हणता आलं नाही. त्याने तो हात दोन्ही हातांनी धरला आणि भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडला.