टाईट हाय!

"कसा हायस रं?" असं विचारलं की तो तोंडाआधी हाताने बोलायचा. हवेतच पाना धरल्यासारखी मूठ करायची, मनगट पिळायचं आणि म्हणायचं, "टाईट!"

म्हणजे बरा आहे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला इंग्रजीतला एकच शब्द सापडला आणि त्याने त्यातच सगळा संसार मांडला. आमचा हा मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत फिटर. मी त्याच्या हाताखाली हेल्पर. राहायला दोघंही भिसेगावात, भिंतीला भिंत लागून. पाईपचा जोड पक्का बसला की टाईट. गणपतीत मोदक हाणून पँटचं बटन लागेना, टाईट. होळीला कुणी पिऊन गटाराच्या कडेला बसला, तोही टाईट. साहेब रजा देईना, तर "ड्युटी टाईट हाय." माझी बायको भाकरीचं पीठ मळताना दिसली तरी दारातून सांगायचा, "वैनी, जरा टाईट मळा."

ती कुठली ऐकून घेते. "भावजी, शाळेत एकच शब्द शिकवला का वो तुमाला?"

"शाळा लवकर सुटली वैनी. पदरात एवढाच पडला."

आमच्या अंगणातला नळ गळायचा. त्याने येऊन तो असा आवळला की बायकोच्या हाताने उघडेना, माझ्याही उघडेना. ती कुरकुरली, तर म्हणाला, "आता गळतो का? नाय ना? मग झालं." पण दुसऱ्या दिवसापासून पाणी यायच्या वेळेला तो स्वतः हजर. नळ उघडून द्यायचा, भांडी भरली की पुन्हा तसाच आवळून जायचा. वर्षानुवर्षं. शहाण्या माणसाने नळ सैल केला असता. याने फेऱ्या घातल्या.

त्याला एकच पोरगी. तिची आई लवकर गेली, म्हणून तिला त्याने फार टाईट ठेवली. कुठे गेलीस, कोणाशी बोललीस, उशीर का झाला. तिने खालापूरच्या एका टेंपोवाल्याशी लग्न केलं. पोरगा वाईट नव्हता. जात दुसरी होती, बस. याने दार लावून घेतलं आणि पोरीचं नाव घराबाहेर काढलं.

एक दिवस हंडा भरता भरता माझ्या बायकोने त्याला विचारलं, "भावजी, कंपनीत तुमी जोडाचा एकच बोल्ट एकदम आवळता का?"

"नाय वैनी. समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे. एकच पिळला तर मधलं पॅकिंग फाटतं. मग तिकडनं गळती लागते."

"मग घरात असं का केलंत?"

त्या दिवशी तो नळ बंद न करताच गेला. हंडा भरून पाणी अंगणभर झालं.

पुढे माझी बायको आजारी पडली आणि गेली. त्याबद्दल लिहीत नाही, मला जमत नाही. तेराव्याला त्याची पोरगी आली, कडेवर लेकरू घेऊन. हा ओट्यावर बसलेला. ती वाकून पाया पडली. आता हा काहीतरी बोलेल म्हणून आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. तर हा उठला आणि मांडवाची दोरी आवळायला लागला. दोरी सैल नव्हती.

नळावर मात्र तो रोज येत राहिला. वैनी नव्हती तरी.

काही दिवसांनी म्हणाला, "खालापूरला येतोस का माझ्यासंग?"

गेलो. पोरीच्या घरासमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिथे बसलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती, लेकरू पायाशी घुटमळत होतं. याच्या हातातला चहा गार झाला.

"ऊठ की रं," मी म्हणालो. "रस्ता तेवढा ओलांड."

त्याने मूठ केली, पण हवेत नाही. गळ्याशी नेली. "इथं टाईट झालंय. बोलायला नाय येणार. पुढच्या टायमाला."

थंडीत एका सकाळी पाणी आलं आणि तो आला नाही. मी बादली घेऊन नळापाशी उभा. मग त्याच्या दाराकडे गेलो.

स्मशानातून परतलो तेव्हा संध्याकाळचं पाणी आलं होतं, पण पाय धुवायला नळ उघडेना. आणखी दोघांनी पिळून बघितला. तेवढ्यात त्याची पोरगी आली. "सरका काका." तिने मनगट पिळलं, अगदी त्याच्यासारखं, आणि पाणी आलं.

"तुला बरा उघडतो गं?"

"आमच्या घरात सगळे नळ असेच होते."

मला राहवलं नाही. सांगितलं, "बाय, तो आला होता खालापूरला. तुझ्या दारासमोर."

"दिसले होते मला," ती म्हणाली. "मी कपडे तसेच टाकून आत गेले, चहा ठेवला. वाटलं, येतील."

मग पाण्याखाली हात धरून ती रडली.

निघताना तिने नळ बंद केला, पण हलका. तेव्हापासून थेंब थेंब गळतोय. खाली बादली ठेवली आहे. येणारा जाणारा सांगतो, म्हाताऱ्या, आवळून घे तो.

मी हात लावत नाय.