वर्षाला दोनच शर्यती

उत्कर्षा नेवाळे आमच्या लॅबमध्ये लागली तेव्हा एकवीस वर्षांची होती. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गिअरचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना आहे आणि तपासणीच्या लॅबची मी प्रमुख आहे. मशीनमधून निघालेला भाग मापात आहे की नाही, हे आम्ही बघतो. डिप्लोमा करून आलेली ही मुलगी बोलायला कमी आणि कामात चोख होती. चिखलीहून रोज मोटरसायकलवर यायची. तळवड्याच्या चौकात अर्धा-पाऊण तास अडकून आम्ही बाकीचे कातावलेले असायचो. ही मात्र हेल्मेट कपाटात ठेवून, हात धुऊन सरळ कामाला लागायची.

तिचं घर चिखलीतलं जुनं शेतकऱ्याचं. बरीचशी जमीन गेली. उरलेल्या तुकड्यावर तिच्या वडिलांनी, भिमाजींनी, कामगारांना भाड्याने द्यायला चौदा खोल्या बांधल्या. भाडं गोळा करणं, नळाच्या आणि विजेच्या तक्रारी ऐकणं हे सगळं तिची आई शालनबाई बघते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी उत्कर्षाने तीन दिवसांची रजा घेतली. कारण लिहिलं होतं, कौटुंबिक. घरी सांगितलं होतं, कंपनीचं ट्रेनिंग. प्रत्यक्षात ती चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर गेली होती. मुलींसाठी तिथे मोटरसायकल शर्यतीचं प्रशिक्षण होतं आणि वीसजणींत तिची वेळ तिसरी आली. परत आल्यावर ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, रजेचं कारण खोटं लिहिलं होतं. पण मला परत तिथे जायचंय."

मी रागावणार होते. त्याआधी विचारलं, एवढं काय आहे तिथे? 

"रस्त्यावर मी सारखी दुसऱ्यांकडे बघून गाडी चालवते. कोण मध्ये येईल, कुठला कंटेनर न सांगता वळेल. तिथं समोरून कुणी येतच नाही. मी पहिल्यांदाच नीट गाडी चालवली."

त्या वर्षी ती महिलांच्या गटात पहिली शर्यत धावली आणि शेवटून दुसरी आली. खूश होती. मला वाटायचं, या खेळाला काय लागतं, गाडी आणि पेट्रोल. मग एकेक कळत गेलं. अंगावरचा चामड्याचा सूट दुसऱ्याचा वापरलेला घेतला, तो अडतीस हजारांना. शर्यतीच्या लायसन्सची फी, प्रत्येक शर्यतीची प्रवेश फी, सरावाच्या दिवसाचे पैसे वेगळे. पहिल्या वर्षी गाडी भाड्याची होती. पडलात तर मोडतोड तुमच्या माथी. तेव्हा तिचा पगार बावीस हजार. शर्यत सहा लॅपची, म्हणजे जेमतेम बारा मिनिटांची.

"बारा मिनिटांसाठी एवढं?" मी एकदा म्हटलं.

"हो," ती म्हणाली. तिला त्यात समजावण्यासारखं काही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी तिला ज्योतीराम भेटला. हा मूळचा लातूरकडचा, कासारवाडीत स्टेशनजवळ त्याचं गॅरेज आहे. अपघातात चेपलेली एक मोटरसायकल त्याने स्वस्तात मिळवली आणि रविवारी रविवारी खपून शर्यतीसाठी तयार केली. मेकॅनिक म्हणून तोच तिच्याबरोबर जायचा. तिकीट आणि जेवण एवढंच घ्यायचा. गॅरेज तीन-चार दिवस बंद राहायचं, त्याबद्दल कधी बोलायचा नाही. पाच शर्यतींच्या हंगामात उत्कर्षाच्या सगळ्या रजा संपायच्या, मग बिनपगारी. मैत्रिणींची लग्नं हुकली, चुलतभावाचा साखरपुडा हुकला. घरी आता सगळं माहीत होतं. भिमाजी तिला काही म्हणत नव्हते; मोबाइलवर शर्यतीचे व्हिडिओ मात्र कधी बघत नव्हते.

चौथ्या वर्षी लॅबमध्ये सीनिअरची जागा निघाली. काम बघायला गेलं तर ती उत्कर्षाचीच होती. पण ऑडिटच्या दोन्ही वेळा ती रजेवर होती, तेव्हा अनिशने एकट्याने सगळं सांभाळलं होतं. मी जागा अनिशला दिली. तिला बोलावून सांगितलं.

"तुमच्या जागी मी असते तर मीही त्यालाच दिली असती," ती म्हणाली.

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्याच वर्षी ती पडली. शर्यतीत नाही, सरावात. मागचा टायर झिजला होता. नवी जोडी बारा हजारांची, म्हणून तिने तो आणखी एक दिवस चालवायचं ठरवलं. वळणावर गाडी पायाखालून निसटली. खांद्याजवळच्या हाडाचे दोन तुकडे झाले. प्लेट आणि सहा स्क्रू बसले. कंपनीच्या विम्याचे कागद मीच भरले आणि नकाराचं पत्रही माझ्याच हातात आलं. शर्यतीत किंवा तिच्या सरावात झालेली इजा त्यात बसत नव्हती. एक लाख चाळीस हजार भिमाजींनी भरले.

तिचं तेव्हा लग्न ठरत आलं होतं. तळेगावचं स्थळ, मुलगा इंजिनिअर. प्लेटचं कळल्यावर त्याच्या आईने विचारलं, पुढे काही अधूपण तर राहणार नाही ना? मुलगा स्वतः येऊन भेटला. तू रेसिंग सोडतेस एवढं सांग, घरच्यांना मी बघतो, म्हणाला. उत्कर्षाने त्याला सांगितलं, आत्ता हो म्हणेन, पण ते खरं नसेल. लग्न मोडलं.

"चांगला होता, मॅडम," चहाच्या सुट्टीत ती मला म्हणाली. "वाईट असता तर सोपं गेलं असतं."

हात गळ्यातल्या झोळीतून निघाला त्या दिवशी भिमाजी तिला एवढंच म्हणाले, "आमी कवा न्हाई म्हणलो न्हाई. पर आता बास."

तिने ऐकलं. पूर्ण एक वर्ष ती ट्रॅककडे फिरकली नाही. वेळेवर यायची, ओव्हरटाइम करायची, ऑडिटला हजर. लॅबची प्रमुख म्हणून माझी काही तक्रार असायचं कारण नव्हतं. पण एखाद्याने घरातला पंखा बंद करावा आणि मगच त्याचा आवाज होता हे कळावं, तसं मला तिच्याकडे बघून व्हायचं.

घरात हा विषय काढला तो शालनबाईंनी. पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं, त्यांच्या ओट्यावर लसूण सोलता सोलता. एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं,

"तुमी कवा बघितली का तिची शर्यत?"

"म्या कशापाई बघू?"

"म्या बी न्हाई बघितली. न बघताच बंद केली आपण. एकदा डोळ्यानं बघती, मंग काय ते सांगती."

"आन् तुज्यासमोर पडली मंग?"

"मंग म्याच बंद करती. परत तुमाला बोलायला लागायचं न्हाई."

तसं उत्कर्षाने हंगामातल्या शेवटच्या शर्यतीला पुन्हा नाव दिलं आणि शालनबाई तिच्याबरोबर चेन्नईला गेल्या. महाराष्ट्राबाहेर पहिल्यांदाच. बरोबर डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ज्योतीरामने त्यांना प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये सावलीला बसवलं, कानात घालायला कापूस दिला आणि सांगितलं, "काकू, निळं हेल्मेट बघा. नंबर एकाहत्तर." मग तो गाडीकडे गेला.

बाराजणी रांगेत उभ्या. सगळ्यांचे सूट काळे, सगळ्यांची तोंडं झाकलेली. गाड्या सुटल्या आणि तो आवाज कापसातूनही छातीत शिरला. शालनबाईंना आकडे चांगले येतात, चौदा खोल्यांचा हिशेब त्या ठेवतात. पण डोळ्यांसमोरून क्षणात जाणाऱ्या गाडीवर एकाहत्तर आहे की सतरा, हे त्यांना दिसलं नाही. निळं हेल्मेट दोघींचं होतं. त्यांनी सतरा नंबर धरला.

"चौथी पळत व्हती बघा," त्या मला म्हणाल्या. "मंग पाचवी. म्या म्हणलं, पाचवी बी चालंल, निस्ती पडू नको."

चौथ्या लॅपला सतरा नंबर वळणावर घसरली. गाडी एकीकडे, मुलगी दुसरीकडे, वाळूत लोळत गेली. शालनबाई ओरडल्या नाहीत. पिशवी तिथेच टाकून जिना उतरल्या आणि अँब्युलन्स गेली त्या दिशेने चालायला लागल्या. फाटकावरच्या माणसाने अडवलं. तो त्याच्या भाषेत बोलत होता, या आपल्या. "पोरगी हाय माजी," एवढंच त्या सारखं म्हणत राहिल्या. त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने फाटक उघडलं.

दवाखान्याच्या खोलीत हेल्मेट काढलेली मुलगी खाटेवर होती. ती उत्कर्षा नव्हती. कोइमतूरची, कॉलेजात शिकणारी, एकोणीस-वीस वर्षांची. मनगट मोडलं होतं. तिच्याबरोबर घरचं कुणी आलेलं नव्हतं.

"मग तुम्ही परत नाही का गेलात?" मी विचारलं.

"पयल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माजी न्हाई म्हणून. मंग त्याचीच लाज वाटली. तिचं तिथं कोन व्हतं सांगा? बसले."

त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि मुलीचा धड हात हातात घेतला. मुलगी मधूनच अम्मा म्हणायची. डॉक्टरने इंजेक्शन दिलं.

तिकडे उत्कर्षा तिसरी आली. चार वर्षांत पहिल्यांदा ती विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढली. ट्रॉफी घेताना ती स्टँडमध्ये आईला शोधत होती आणि तिला आईच्या जागेवर नुसती पिशवी दिसत होती. आई घाबरून निघून गेली, असंच तिला वाटलं. ज्योतीराम आणि ती दोघं अर्धा तास शोधत फिरली. शेवटी फाटकावरच्या माणसाने खुणेने दवाखाना दाखवला.

उत्कर्षा घामाघूम, ट्रॉफी हातात घेऊन दारात उभी राहिली. शालनबाईंनी मान वर करून तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"कितवी आली?"

"तिसरी."

"बरं झालं. हळू बोल. हिला आत्ता डोळा लागलाय."

उत्कर्षा तिथेच दाराला टेकून खाली बसली. हसायला लागली, आणि मग डोळे पुसायला लागली. ज्योतीरामने तिच्या हातातली ट्रॉफी काढून घेतली, पडू नये म्हणून. मुलीचे आईवडील संध्याकाळी पोचेपर्यंत तिघंही तिथेच थांबले. स्टँडमध्ये राहिलेली पिशवी ज्योतीरामने आणली आणि दशम्या त्यांनी त्या मुलीबरोबर वाटून खाल्ल्या.

बक्षीस सात हजारांचं होतं.

घरी आल्यावर भिमाजींनी विचारलं, "कशी झाली शर्यत?"

"काय सांगू तुमाला," शालनबाई म्हणाल्या, "आपली म्हणून दुसऱ्याचीच पोर बघत बसले." आणि मग त्यांनी आपला निकाल सांगितला. पोरीने गाडी चालवावी. वर्षाला पाच नाही, दोन शर्यती. टायर दर वेळी नवा. त्यासाठी दोन खोल्यांचं भाडं बाजूला राहील. विमा शर्यतीतली इजा भरून देणारा वेगळा काढायचा, मिळेल तिथून. भिमाजी ऐकून घेऊन म्हणाले, "तू बघितलंय, तू म्हणशील तसं." एवढ्या सहज ते मानतील असं मायलेकींना वाटलं नव्हतं.

दोनेक महिन्यांनी दक्षिणेतल्या एका टीमचा उत्कर्षाला फोन आला. पूर्ण हंगाम आमच्याकडून धाव, गाडी आमची, मेकॅनिक आमचा. तिकडे येऊन राहायचं, नोकरी सोडायची आणि निम्मा खर्च स्वतः प्रायोजक शोधून उभा करायचा. व्यावसायिक रेसर होणं म्हणजे हेच. मी मनाची तयारी करून ठेवली होती. तिने राजीनामा आणला असता तर अडवलं नसतं. ती आठ दिवस विचार करत होती. त्या टीमच्या मुलींना तिने फोन केले. एक सकाळी जिममध्ये शिकवत होती. एकीच्या वडिलांनी प्लॉट विकला होता.

नवव्या दिवशी ती म्हणाली, "नाही जात, मॅडम. तिथं सगळ्याजणी दुसरं काहीतरी करून रेसिंग करतात. ते मी इथंही करतेय, आणि घरचं जेवण मिळतंय."

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, कुठे मन मारल्याचं दिसतंय का म्हणून. दिसलं नाही.

याला आता तीन वर्षं झाली. अनिश दुसऱ्या कारखान्यात गेला आणि सीनिअरची जागा उत्कर्षाकडे आली. वर्षाला दोन शर्यती ती धावते. कधी चौथी, कधी सहावी, गेल्या वर्षी एकदा दुसरी. लग्नाचं बघणं चालू आहे; येणाऱ्याला ती पहिल्याच भेटीत सगळं सांगते. त्यामुळे भेटी लवकर आटपतात, असं ती हसून म्हणते. कोइमतूरच्या मुलीचं मनगट बरं झालं. ती दिवाळीला शालनबाईंना फोन करते आणि दोघी तोडक्यामोडक्या हिंदीत बराच वेळ बोलतात.

मागच्या रविवारी मी चिखलीला जेवायला गेले होते. ज्योतीरामही आला होता. जेवणानंतर भिमाजी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारत होते, चेन्नईची कुठली गाडी सोयीची, आणि खालचा बर्थ मिळायला तिकीट किती आधी काढावं लागतं. शालनबाईंनी ते ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. त्या उठून आणखी ताक आणायला आत गेल्या.