कोड पुसणारा तावडे

१८ फेब्रुवारी. आजचं काम एकच: दिवा गावच्या म्हात्रेशेठकडून घेतलेलं जुनं पोकलेन कोलशेतच्या साइटवर पाठवण्याआधी तपासायचं. आमच्याकडे नवरा कामं आणतो, मशीनं मी बघते. शीळफाट्याच्या यार्डात मी केबिनमध्ये चढले, डाव्या हाताचा सुरक्षा लिव्हर वर उचलला आणि जॉयस्टिक जराशी हलवली. हा लिव्हर वर असताना मशीन ढिम्म राहायला हवं. मशीनचा लांब हात, बूम, झटकन उचलला गेला. मी चावी बंद केली आणि तोंडातून निघालं, "तावडे!"

तावडे गेल्या वर्षी वारला. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे, कारण त्याची कामं अजून चालू आहेत.

शीळफाटा ते कल्याण, कुणाच्याही मशीनच्या पडद्यावर बिघाडाचा कोड आला की तावडेला फोन जायचा. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, कानामागे टेस्टर. केबिनमध्ये चढला की आधी डावा तळवा पडद्यावर आडवा धरायचा, उजव्या हाताने बटणं दाबून कोड वाचायचा आणि लगेच पुसून टाकायचा. मालकालाही आकडा दिसू द्यायचा नाही. जणू पत्ते खेळतोय. मग खाली उतरून म्हणायचा, "वायर बोलते, मी ऐकतो, तुम्ही चहा सांगा."

मला तो पहिल्या भेटीपासून आवडला नाही. त्यालाही मी आवडले नाही, हे त्याने लपवलं नाही.

"वहिनी, उन्हात कशाला उभ्या? दादांना पाठवा."

"मशीन माझ्या नावावर आहे. आणि मी तुमची वहिनी नाही."

"बरं, मॅडमवहिनी."

शेवटपर्यंत त्याने मला मॅडमवहिनीच म्हटलं. कोड कसला होता असं विचारलं की हसायचा. "कोड म्हणजे मशीनची कुरकुर हो. सासूची ऐकता तेवढी ऐकायची आणि पुढे चालायचं."

"माझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत," मी म्हटलं. यार्डातले सगळे हसले. तावडे हसला नाही.

हात मात्र चांगला होता, हे मान्य करते. डोळे मिटून वायरींच्या जुडग्यावरून बोटं फिरवायचा आणि आतून तुटलेली तार शोधायचा. म्हणूनच राग जास्त. येत नाही म्हणून चुकणारा माणूस परवडतो. येत असून न करणाऱ्याचं काय करायचं?

आमचं वाजलं ते अशाच लिव्हरवरून. आमच्या मोठ्या मशीनच्या हायड्रॉलिक्सनी मध्येच मान टाकली, पडद्यावर कोड आला. तावडे आला, तळवा आडवा धरला, खाली वाकून काहीतरी केलं, हिरवी टेप गुंडाळली. "चालू!" मी वर चढले, लिव्हर उचलला, जॉयस्टिक ढकलली. बकेट हलली. त्याने लिव्हरच्या स्विचकडे जाणाऱ्या दोन वायरी सोलून एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. आता लिव्हर कुठेही असो, मशीनला तो कायम खालीच वाटणार.

"हे काय आहे, तावडे?"

"कोड गेला ना?"

"कोड गेला. बिघाड कुठे गेला?"

"सगळ्यांचं असंच आहे, मॅडमवहिनी. कुठल्याही मशीनवर चढून बघा. मालकाला मशीन चालू हवं असतं. कारण कुणाला हवंय?"

"उतरताना ऑपरेटरचं ढोपर जॉयस्टिकला लागलं तर? खाली माणूस असला तर?"

"माणसाने बघून उभं राहावं."

मी त्याला जोड काढायला लावला. त्याने काढला, टेपचा बोळा माझ्या पायाशी टाकला आणि म्हणाला, "आता ठेवा पुजायला." मशीन कामाविना उभं राहिलं, नवरा माझ्यावर वैतागला. मी मीटर घेऊन स्वतः बसले. कोड गल्ली सांगतो, घर आपण शोधायचं. स्विच ठीक होता. ऑपरेटर चढता-उतरता जॉयस्टिकचा डावा कन्सोल उचलतो, तिथे दुमडून दुमडून वायर आतून तुटली होती. वरचं आवरण शाबूत. नवी वायर जरा सैल सोडून टाकली, झालं. तावडेने मात्र शीळफाट्यावर सांगायला कमी केलं नाही: "त्या बाईच्या मशीनला हात लावू नका, परीक्षा घेते." त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याच्या अंत्ययात्रेला नवरा गेला. मी गेले नाही.

आज कन्सोल उघडला तर तीच हिरवी टेप. मशीनबरोबर आलेला ऑपरेटर सुरेश खाली उभा होता. मी विचारलं, "हा लिव्हर कशाला असतो, माहीत आहे?"

"हो ना मॅडम. डबा अडकवायला."

थट्टा करत असेल असं वाटलं. करत नव्हता. त्याने मशीनला हात लावला तेव्हापासून लिव्हरने कधी काही केलंच नव्हतं, आणि ज्याच्याकडून शिकला त्यानेही पिशवीच अडकवली होती. तावडेने नुसता कोड पुसला नव्हता.

"म्हात्रेशेठचं दुसरं मशीन कुठे आहे?"

"दिव्यात. गटाराचं खोदकाम. त्यालाही डबा अडकवतात," सुरेश म्हणाला. "आणि खाली पाइप लावायला माणसं असतात."

म्हात्रेशेठना फोन करून तावडेच्या जोडाचं सांगितलं. "अहो ताई, मेलेल्या माणसाशी कसलं भांडण? व्यवस्थित चालतंय ते."

"तेच तर. उद्या मी येईपर्यंत खड्ड्यात माणूस उतरवू नका."

"बघतो," म्हणाले. म्हणजे बघणार नाहीत.

१९ फेब्रुवारी. सकाळी उजाडता उजाडता दिव्याला पोचले. काम सुरू झालं होतं. खड्ड्यात दोघं वाकून पाइप सरळ करत होते आणि बकेट त्यांच्या डोक्यावर थांबलेली होती. मी ऑपरेटरला हात जॉयस्टिकवरून काढून चावी बंद करायला सांगितलं. त्याने म्हात्रेशेठकडे पाहिलं, म्हात्रेशेठनी माझ्याकडे. खड्ड्यातले दोघं वर येईपर्यंत मी केबिनच्या पायरीवरून हलले नाही. मग चावी काढून खिशात टाकली आणि कन्सोलचे स्क्रू सोडवायला बसले.