टीव्हीवर मावशी येईना

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं. हे घरात प्रत्येकाला माहीत आहे, कारण मीच ते सांगितलेलं आहे.

लालबागच्या आमच्या चाळीत मंडळाचा प्रिंटर एकदा बंद पडला होता आणि तो मी सुरू करून दिला. (प्लग सैल होता. ही गोष्ट मी आज प्रथमच बोलतोय.) तेव्हापासून कोणाचं काही अडलं की बोलावणं मला यायचं आणि मी गंभीर चेहरा करून जायचो. त्याच तोऱ्यात मी आईला शब्द देऊन बसलो, "मावशीला मी टीव्हीवर आणतो!"

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, राहते मालवणजवळ गावी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पित्ताशयाच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी तिला इस्पितळात भरती व्हायचं होतं. आईच्या लेखी ऑपरेशन हे एकच असतं, खड्यांचं असो की हृदयाचं. तिचं स्वतःचं वय ब्याऐंशी, एक डोळा जवळजवळ गेलेला, गुडघे बसलेले. गावी जाणं शक्य नव्हतं.

"बेसुद करतत म्हणे," आई आठवडाभर म्हणत होती. "परत सुदीर इली नाय तर? माका एकदा तिचां तोंड बघूचां आसा. मोबायलार ती मुंगयेएवढी दिसता."

टीव्ही आमचा मोठा, पण जुना. त्याला लॅपटॉप वायरने जोडावा लागे. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा निकामी होता, कारण गणपतीत माळ्यावरून समई काढताना ती माझ्या हातून त्याच्यावर पडली. उजवीकडची दोन बोटं रुंद पट्टी तेवढी दिसायची, बाकी काळोख. पण वायर लावली की टीव्हीवर झकास चित्र यायचं. क्रिकेटची अख्खी मालिका आम्ही अशी बघितली होती. शिवाय आदल्याच दिवशी, दसऱ्याला, मी त्याची यथासांग पूजा केली होती. बाबा गिरणीत साच्याची, म्हणजे कापड विणायच्या मागाची, करायचे तशीच: हळदकुंकू, झेंडूचा हार, वर मूठभर अक्षता. "अहो, बेताने," असं बायको नंदा म्हणाली होती. बायका म्हणतातच.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आई नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर पाटावर बसली. तिकडे मावशीच्या दारात इस्पितळाची गाडी यायची होती. मावसभाऊ बबनने कॉल लावला, मी वायर खोचली आणि टीव्हीवर निळ्या पडद्यावर अक्षरं आली. 'नो सिग्नल.'

"ह्यां काय लिवलाहा?" आईने विचारलं.

"जरा थांब. गरम होतोय."

गरम फक्त मी होत होतो. सोर्स बदलला. एक नंबर, दोन नंबर, मग चुकून केबलवर गेलो, तिथे एक बाई वांग्याचं भरीत करत होती. आई आनंदाने पुढे सरकली. "बाय माझी! बरी दिसता गो!"

"आई, ती मावशी नाही."

"मगे कोण ही?"

पुन्हा निळा पडदा. 'नो सिग्नल'ची पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत होती आणि आई मान वळवून वळवून तिच्या मागे जात होती. टीव्ही बंद करून चालू केला. वायरीची टोकं उलटी लावली. माझ्या पाठीवरून घामाचा ओहोळ निघाला. लॅपटॉपच्या त्या दोन बोटं पट्टीत मात्र मावशीचा एक कान दिसत होता.

आईने लॅपटॉप डोळ्यांशी नेला. "कान तिचोच. कुडी वळाखलंय मी. आवशीची आसा ती." आणि तिचा आवाज कापला. "बाळ्या, कानार भागूचां नाय रे."

मी वायर पुन्हा दाबून बघितली. तेवढ्यात बबनचा आवाज आला. "दादा, गाडी इली हां! ड्रायव्हर हॉर्न मारता!"

हॉर्न आम्हालाही ऐकू आला. नुसता आम्हाला नव्हे, शेजारच्या तेंडोलकर काकांनाही. ते टॉवेल खांद्यावर टाकून आत आले. "काय रे एक्सपर्ट, काय झालं?"

"काही नाही काका, सेटिंग आहे थोडं."

"सेटिंग कसलं? टीव्हीला एक चापट मार!" असं म्हणून त्यांनी स्वतःच मारली. पाटी सरकायची थांबली नाही. मग ते म्हणाले, "वायर बघ. वायरच गेली असणार." मी वायर लॅपटॉपमधून उपटली आणि टोक उजेडात धरलं. टोक लालभडक!

"जळली!" काका ओरडले. "शॉर्ट सर्किट! मेन बंद कर, मेन!"

मी विचार न करता धावत जाऊन मेन स्विच पाडला. (विचार करून मी काय वेगळं केलं असतं म्हणा!) पंखा थांबला, टीव्ही गेला, वायफाय गेलं, बॅटरी मेलेला लॅपटॉपही गेला. आणि पट्टीतला कानही गेला.

"कान खंय गेलो?" आईने विचारलं. तिने लॅपटॉप हळूच खाली ठेवला आणि देव्हाऱ्याकडे तोंड करून हात जोडले. "गेली, तोंड न बघताच गेली."

"आई, ती फक्त इस्पितळात चाललीय," मी म्हटलं. बाईने आयुष्यात माझ्याकडे मागितलं ते काय, तर बहिणीचं तोंड!

मग नंदाने वायर माझ्या हातून घेतली. टोकावर बोट फिरवलं, बोट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून ती नजर मी ओळखतो.

"हे कुंकू आहे," ती म्हणाली. "काल लॅपटॉपवर किती अक्षता टाकल्यात?"

"मूठभर."

"ओल्या कुंकवाच्या?"

मी टीव्हीचा रिमोट पुसू लागलो. तिने मोबाईलची बॅटरी मारून लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत बघितलं, भुवयांचा चिमटा आणला आणि अलगद एक लाल, वाळून चिकटलेला तांदळाचा दाणा बाहेर काढला. वायर आत पूर्ण बसतच नव्हती! काकांनी दाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टॉवेलने तोंड पुसायचं निमित्त करून हसून घेतलं.

मेन चालू केला. लॅपटॉप उठायला इतका वेळ लावत होता की मी त्याला दोनदा नमस्कार केला. बबनला फोन लावला. तो म्हणाला, "ड्रायव्हराक चाय दिली हा. कप मोठो आसा. बेगीन करा!"

त्याने कॉल पुन्हा लावला, मी वायर खोचली. या वेळी कट् असा आवाज आला. आणि टीव्हीभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मावशी!

आई उठली, गुडघे धरत पुढे गेली आणि मावशीच्या गालावर, म्हणजे काचेवर, हात ठेवला.

"बारीक झालंस गो."

"ताय," मावशी म्हणाली, "माका भिया वाटता गो."

माझे डोळे भरून आले. काकांनी टॉवेल पुन्हा वर नेला, या वेळी हसायला नव्हे.

"भिया नको. मी आसंय मां," आई म्हणाली. "थांब हां." ती वळली, देव्हाऱ्यातली वाटी उचलली, मूठ भरली आणि धाकट्या बहिणीला आशीर्वाद द्यायला टीव्हीच्या दिशेने हात उगारला. वाटीत कालच्याच अक्षता होत्या. आणि टीव्हीच्या खाली, उघडाच, माझा लॅपटॉप!

"आई, नको!" मी दोन्ही हात पसरून मधे झेपावलो. सगळ्या अक्षता माझ्या डोक्यावर, पाठीवर, कॉलरच्या आत. (तरी मावशीला त्या लागू पडल्या. खडे निघाले, आता ती ठणठणीत आहे.)

"अरे मेल्या!" आई कळवळून ओरडली. "परत गेली मां ती!"

"गेल्या नाहीत हो आई," नंदा शांतपणे म्हणाली. "हे मधे आलेत."

सकाळपासूनचा बिघाड इतक्या नेमक्या शब्दांत तोवर कोणीच सांगितला नव्हता.