काकांचा पहिला प्रश्न

आमच्या बूढापारा मोहल्ल्यातले हे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. बोलताना पेनाचं टोपण सारखं उघडतात, लावतात. मी रायपूरच्या मराठी लोकांसाठी वेबसाइट बनवत होतो, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या समितीला सगळ्यात आधी पदाधिकाऱ्यांचे फोटो हवे होते. काका म्हणाले, "फोटो नंतर टाकजो, बाबू. पहिले लोकं बोलतीन अशी जागा कर."

केली, साइटवर चर्चेचं पान उघडलं. आठवडाभर तिथं कोणी फिरकलं नाही. समिती मला टोमणे मारू लागली. मग त्या पानावर काकांचा प्रश्न आला, "पुरणासाठी चांगली चण्याची डाळ कुठं भेटते?" संध्याकाळपर्यंत कुठलं दुकान चांगलं यावरून भांडणंच जुंपली, अर्धी हिंदीतून. काकांनी एकेकाचे आभार मानले.

काका वर्षानुवर्षं गोल बाजारातल्या एकाच दुकानातून डाळ आणतात. पिशवी धरायला मीच तर सोबत असतो.