मैदानावर एकच आवाज

फौजेत मी शेवटची सात वर्षं पीटी शिकवणारा उस्ताद होतो. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, परभणीत राहिलो. तिथं क्रीडाशिक्षकांचं पाच दिवसांचं शिबिर घ्यायला मला बोलावलं. अपंग मुलांना मैदानावर कसं उतरवायचं, हा विषय. शिक्षक बावीस. चार दिवस मी त्यांच्याच डोळ्यांना पट्ट्या बांधून त्यांना पळवलं. जन्मभर शिट्टी फुंकलेली माणसं, पट्टी बांधली की पाऊल उचलायला घाबरायची. मला हसू यायचं.

पाचव्या दिवशी खरी मुलं येणार होती.

रेणुका बोरीची, आठवीतली. जन्मापासून दिसत नव्हतं. वडील फाटकातच म्हणाले, "लय हट्ट केला म्हणून आणलंय. पोरगी पडली तर पुन्हा मैदान न्हाई."

अंतर साठ मीटर. पलीकडच्या टोकाला शिबिरातलेच, ताडकळसचे वाघमारे सर तिचं नाव घेत राहणार, तिनं त्या आवाजाकडे पळायचं. आवाज हरवला तर जागीच बसायचं.

सात पन्नासला ती निघाली. छान पळत होती. पण पोरगी पळतेय म्हटल्यावर गप्प बसतील ते क्रीडाशिक्षक कसले? "पळ रेणुका, पळ." एकवीस जण टाळ्या पिटायला लागले. वाघमारे सरांचा आवाज बुडाला आणि ती डावीकडे वळली. तिकडे दगडी रोलर होता. तो आदल्या दिवशी हलवायचा राहिला होता. चूक माझी.

मी फौजेतल्या सवयीनं हिंदीतच ओरडलो, "दाहिने, दाहिने." ती आणखी गोंधळली आणि खाली बसली. रोलर दोन हातांवर होता.

वडील उठून उभे राहिले. मी धावत पोचलो तेव्हा रेणुका चिडली होती. "उस्ताद, समदेच ओरडायलेत. मी कोणाचं ऐकू?"

आम्ही रोलर बाहेर ढकलला. मग वडिलांपुढं उभा राहिलो. "चुकलो आम्ही. ती नाही." त्यांनी स्वतः जाऊन पळायची सगळी वाट बघून घेतली. शेवटी म्हणाले, "पळू द्या."

आठ दहाला पुन्हा. मैदान चिडीचूप. फक्त वाघमारे सर, "रेणुका, रेणुका." ती सरळ जाऊन त्यांच्या पोटावर आदळली. वडिलांनी विचारलं, "पुन्हा कधी आणू?"

चहा घेताना वाघमारे सर म्हणाले, "उस्ताद, पोरगी पोचली की. तुम्ही अजून त्या रोलरकडंच का बघायलात?"

मग मी बावीस जणांना नाईक दत्ताबद्दल सांगितलं. फौजेत माझ्याच सेक्शनचा, म्हणजे तुकडीतला. सीमेवर, सकाळचे सात, दाट धुकं, पुढं सुरुंग पेरलेले. साहेब वायरलेस सेटवर त्याला सांगत होते, "रुको. वहीं रुको." त्याच वेळी मागून कुणीतरी ओरडलं, "दत्ता, बाएं आ." तो डावीकडे वळला. सुरुंग तिथंच होता.

ओरडणारा मी होतो. काळजीनंच ओरडलो होतो. दत्ता चोवीस वर्षांचा होता.