मोहाखालचा झाडलेला पट्टा

मोह फुलायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा, म्हणजे पहाटे गळलेली फुलं काळ्या भुईवर लख्ख दिसतात आणि भराभर वेचता येतात. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत आमच्या गावात सगळे हेच करत. बाबांच्या थोरल्या बहिणीला, माझ्या आत्याला, एका झाडाखाली मात्र ते मंजूर नव्हतं.

ते झाड नाल्याकाठी होतं आणि त्याला लागूनच बांबूची बेटं. तिथली भुई उन्हाळ्यातही ओलसर, पाल्याखाली गांडुळं. त्या पाल्यात एक पाखरू चरायचं. डोकं आणि पोट संत्र्याच्या रंगाचं, पाठ निळसर राखी, गालावर दोन गडद रेघा. त्याला कस्तूर म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आम्ही त्याला शिट्टीवाला म्हणायचो. त्याची शिट्टी सुरू झाली की मी वेचायचं विसरून जायची आणि आईची बोलणी खायची. मला त्याचं वेडच होतं.

"बाई, एका पाखरापायी मोह सोडू काय?" बाबा म्हणाले.

"सोडू नको," आत्या म्हणाली. "मी झाडून देतो म्हणतो ना. इथी आग लावली तं बांबूत घुसन. मंग तो खाईन काय, अन् राहीन कुठी?"

आत्या रोज संध्याकाळी मोहाखाली खराटा फिरवायची. पहाटे जावं तर शिट्टीवाल्यानं किडे शोधत पानं उलटीपालटी करून तिच्या स्वच्छ भुईवर उधळलेली. "काम ना धंदा, नुसता कचरा करते," असं ती त्याच्यावर रोज डाफरायची आणि पानं अलगद बाजूला झाडायची.

एका दुपारी वरच्या अंगाला कुणीतरी लावलेली आग वाऱ्यानं वळली आणि सरळ नाल्याकडे आली. आम्ही पळसाच्या ओल्या फांद्या तोडून धावलो. मी झोडपत होते, ओरडत होते, आणि खरं सांगते, भीतीपेक्षा मला चेवच जास्त चढला होता. आग आत्याच्या झाडलेल्या पट्ट्यापर्यंत आली. तिथं जळायला काहीच नव्हतं. आग बसत गेली आणि बाबांनी उरलेले निखारे झोडपून विझवले.

बांबू वाचला, पण नालाभर धूर कोंडला होता. संध्याकाळी आत्यानं राख झाडून पट्टा पुन्हा लख्ख केला. शिट्टी काही ऐकू आली नाही. आत्या जेवली नाही.

पहाटे मी सगळ्यांच्या पुढे पळाले. पट्ट्यावर पानं उधळली होती, ओली बाजू वर.

"वारा असन," बाबा म्हणाले.

"वारा पानं फेकते, पालथी करून ठेवत नाई," आत्या म्हणाली. "आला तो. पाय, केवढा कचरा केला." तिनं डोळे पुसले आणि खराटा मोहाला टेकवून ठेवला.

त्या दिवशी तिनं पट्टा झाडलाच नाही. बाबा खाली बसले आणि पाल्यातून एकेक फूल शोधून वेचू लागले.